अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील नवव्या साखळी सामन्याचा प्रश्न : साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकेच्या विद्यापीठीय जीवनात फुटबॉल या खेळाला महत्त्वाचे स्थान आहे. विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत शरद ऋतूतील शनिवार हा फुटबॉलचा दिवस मानला जातो. लाखभर प्रेक्षक बसू शकतील अशी मैदाने तेथे विद्यापीठांच्या परिसरात आहेत. येथे अभिप्रेत असलेले फुटबॉल हे भारतात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलपेक्षा भिन्न आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावणे, तो सहकाऱ्याकडे फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेपावून रोखणे, असे या खेळाचे स्वरूप असून खेळाडू शिरस्त्राण व संरक्षक साहित्य धारण करूनच मैदानात उतरतात. शरीराला बसणाऱ्या धक्क्यांमुळे एका संघाला साधारणतः आठवड्यात एकच सामना खेळता येतो. परिणामी २००६ पासून नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणपणे १२ सामने येतात. या १२ सामन्यांपैकी किती सामने आपल्याच गटातील विद्यापीठांशी खेळावेत आणि किती बाहेरच्या संघांशी, हा प्रश्न गेली अनेक वर्षे वादाचा विषय ठरला होता.

साउथईस्टर्न कॉन्फरन्स या प्रबळ गटाने २१ ऑगस्ट २०२५ रोजी या प्रश्नावर निर्णय जाहीर केला. १९९२ पासून चालत आलेली आठ साखळी सामन्यांची पद्धत सोडून २०२६ च्या हंगामापासून नऊ सामने खेळण्याचे ठरले. वरवर पाहता हा केवळ एका सामन्याचा फरक आहे. परंतु विजेतेपदाचा अर्थ, जुन्या लढतींचे अस्तित्व, दुर्बल संघांचे भवितव्य आणि लहान महाविद्यालयांचे उत्पन्न या साऱ्यांशी तो निगडित आहे. हा निर्णय कितपत समर्थनीय आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. कॉन्फरन्सची रचना आणि साखळी सामन्यांची संख्या यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. नवव्या सामन्याने कोणते प्रश्न सुटतात व कोणते सुटत नाहीत, हे पाहणे.
३. या बदलाचा भार कोणावर पडतो, याचा विचार करणे.

कॉन्फरन्स : संकल्पना व स्वरूप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना परिचित असलेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होतात आणि त्यांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. अमेरिकेतील व्यवस्था वेगळी आहे. तेथे विद्यापीठे स्वेच्छेने एकत्र येऊन स्वतःचा गट स्थापन करतात. या गटास कॉन्फरन्स म्हणतात. सामन्यांचे वेळापत्रक, पंच, विजेतेपद आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क या बाबी कॉन्फरन्सच्या अधिकारात असतात. मिळालेले उत्पन्न सदस्य विद्यापीठांत वाटले जाते. कॉन्फरन्समधील सदस्यांशी होणारे सामने ते साखळी सामने होत. उरलेले सामने प्रत्येक विद्यापीठ आपापल्या सोयीने बाहेरच्या संघांशी ठरवते.

साउथईस्टर्न कॉन्फरन्सची स्थापना १९३२ मध्ये झाली. अलाबामा, ऑबर्न, जॉर्जिया, टेनेसी, फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट ही तिची जुनी सदस्य विद्यापीठे आहेत. १९९२ च्या हंगामापासून अर्कान्सा व साउथ कॅरोलिना, २०१२ पासून टेक्सास ए अँड एम व मिसुरी आणि २०२४ पासून टेक्सास व ओक्लाहोमा तिच्यात खेळू लागली. अशा रीतीने दहा सदस्यांची ही संघटना सोळा सदस्यांची झाली. १९९२ ते २०२३ या काळात पूर्व व पश्चिम असे दोन विभाग होते व दोन्ही विभागांचे विजेते अंतिम सामन्यात भेटत. २०२४ पासून विभाग रद्द झाले असून एकाच गुणतक्त्यातील पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात.

वाढती सदस्यसंख्या आणि साखळीचे विरळ होणे

साखळी स्पर्धेमागील मूळ कल्पना सरळ आहे. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी खेळावे आणि ज्याचे विजय अधिक, त्याला श्रेष्ठ मानावे. २०२३ च्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकात दहा संघ होते आणि प्रत्येक संघ नऊ साखळी सामने खेळला. तेथे नऊ या संख्येने साखळी पूर्ण झाली, कारण प्रत्येकाला नऊच प्रतिस्पर्धी होते. सोळा संघांच्या गटात मात्र प्रत्येकाला पंधरा प्रतिस्पर्धी असतात. बारा सामन्यांच्या हंगामात ही साखळी पूर्ण होणे अशक्यच आहे. त्यामुळे साखळी किती अपूर्ण ठेवावी, एवढाच निर्णय हाती उरतो.

सोळा संघांतून दोन-दोन संघांच्या १२० जोड्या तयार होतात. प्रत्येक संघ आठ सामने खेळला तर एकूण ६४ सामने होतात. म्हणजे ५६ जोड्या त्या हंगामात नियमित सामन्यांत एकमेकांसमोर येतच नाहीत. पुढील तक्त्यात ही स्थिती कालक्रमाने दर्शविली आहे.

तक्ता क्र. १ : साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील संघ, सामने व जोड्या

| हंगाम | संघ | प्रत्येकी साखळी सामने | एकूण जोड्या | प्रत्यक्ष सामने | प्रमाण (टक्के) |
|---|---|---|---|---|---|
| १९९१ | १० | ७ | ४५ | ३५ | ७८ |
| १९९२ | १२ | ८ | ६६ | ४८ | ७३ |
| २०१२ | १४ | ८ | ९१ | ५६ | ६२ |
| २०२४ | १६ | ८ | १२० | ६४ | ५३ |
| २०२६ | १६ | ९ | १२० | ७२ | ६० |

तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सदस्यसंख्या वाढत गेली, परंतु सामन्यांची संख्या मात्र १९९२ मध्येच थांबली. त्यामुळे सदस्य विद्यापीठांचा परस्परांशी असलेला क्रीडासंबंध विरळ होत गेला. दुसरी अशी की, नवव्या सामन्याने हे प्रमाण ५३ वरून ६० टक्क्यांवर जाते. म्हणजे ते २०१२ च्या पातळीपर्यंतही पोहोचत नाही. नववा सामना ही झालेल्या हानीची आंशिक भरपाई आहे.

चौदा संघांच्या काळात या विरळपणाचा अनुभव तीव्रतेने आला. प्रत्येक संघ आपल्या विभागातील सहा संघांशी, दुसऱ्या विभागातील एका कायम प्रतिस्पर्ध्याशी आणि उरलेल्या सहांपैकी एकाशी आळीपाळीने खेळत असे. त्यामुळे दुसऱ्या विभागातील एखाद्या संघाशी स्वतःच्या आणि त्याच्या मैदानावर एकेकदा खेळण्यास बारा वर्षे लागत. अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या निघून जाव्यात एवढा हा कालावधी होता. टेक्सास ए अँड एम २०१२ मध्ये सदस्य झाल्यानंतर जॉर्जियाशी तिचा साखळी सामना केवळ एकदा, २०१९ मध्ये, जॉर्जियाच्या मैदानावर झाला. २०२५ चा हंगाम संपेपर्यंत जॉर्जियाचा संघ साखळी सामन्यासाठी टेक्सास ए अँड एमच्या मैदानावर गेलेला नव्हता. एकाच संघटनेचे दोन सदस्य चौदा हंगामांत एकदाच भेटत असतील, तर त्या संघटनेला क्रीडासंघटना कोणत्या अर्थाने म्हणावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

२०२५ चा हंगाम : चार संघ आणि समान निकाल

आठ सामन्यांच्या पद्धतीचा अखेरचा हंगाम तिच्या मर्यादांचे उत्तम उदाहरण ठरला. जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास ए अँड एम आणि मिसिसिपी या चार संघांनी साखळीत प्रत्येकी सात विजय व एक पराभव अशी समान कामगिरी केली. अंतिम सामन्यात मात्र दोनच संघांना स्थान होते.

अशा वेळी प्रथम समान गुणांच्या संघांचे आपसांतील निकाल पाहिले जातात. या चार संघांच्या सहा जोड्या होतात. त्यांपैकी केवळ दोन जोड्या मैदानावर भेटल्या होत्या. अलाबामाने जॉर्जियाला हरवले होते आणि जॉर्जियाने मिसिसिपीला. टेक्सास ए अँड एमने उर्वरित तिघांपैकी कोणाशीही सामना खेळला नव्हता. त्यानंतरचा निकष म्हणजे समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी. परंतु चारही संघ ज्याच्याशी खेळले, असा एकही प्रतिस्पर्धी सोळा संघांत नव्हता. अखेरीस प्रत्येक संघाच्या प्रतिस्पर्ध्यांनी साखळीत मिळविलेल्या विजयांची टक्केवारी मोजून जॉर्जिया व अलाबामा यांची निवड झाली. अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाचा २८-७ असा पराभव केला.

या निवडीत नियमभंग झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु ज्या निकषावर निर्णय झाला, तो त्या खेळाडूंच्या हातात नव्हता. आपला प्रतिस्पर्धी इतरांविरुद्ध किती सामने जिंकतो, यावर आपले स्थान ठरणे म्हणजे मैदानावरील निकालाची जागा गणिताने घेणे होय. नऊ सामन्यांमुळे हा प्रसंग पुन्हा उद्भवणार नाही, याची हमी देता येत नाही. मात्र कोणतेही दोन संघ एखाद्या हंगामात भेटण्याचे प्रमाण वाढते आणि समान प्रतिस्पर्धी मिळण्याची शक्यताही वाढते. लाभ आहे, पण तो मर्यादित आहे.

जुन्या लढतींचे जतन : एक आणि सात, की तीन आणि सहा?

नवव्या सामन्याचे सर्वांत भक्कम समर्थन वेगळ्याच ठिकाणी सापडते. आठ सामन्यांतही सर्व सदस्यांची भेट दोन वर्षांत घडवून आणणे शक्य होते. एक प्रतिस्पर्धी कायम ठेवला की चौदा उरतात आणि दरवर्षी सात या प्रमाणे दोन वर्षांत त्या सर्वांशी सामने होतात. मग नववा सामना कशासाठी? याचे उत्तर ऑबर्नच्या उदाहरणातून मिळते. ऑबर्न आणि अलाबामा ही एकाच राज्यातील विद्यापीठे असून त्यांची लढत राज्यातील घराघरांत दोन तट पाडणारी मानली जाते. परंतु ऑबर्नची जॉर्जियाशी असलेली लढत त्याहूनही जुनी असून ती १८९२ पासूनची आहे. अलाबामालाही ऑबर्नप्रमाणेच टेनेसीशी होणारी ऑक्टोबरमधील पारंपरिक लढत सोडवत नाही. टेक्सासची ओक्लाहोमाशी आणि टेक्सास ए अँड एमशी अशीच दुहेरी बांधिलकी आहे. एकच कायम प्रतिस्पर्धी ठेवायचा म्हटल्यास या प्रत्येक विद्यापीठाला दोहोंपैकी एका परंपरेवर पाणी सोडावे लागले असते.

नव्या रचनेत प्रत्येक संघाला तीन कायम प्रतिस्पर्धी असून उरलेल्या बारांपैकी सहा संघ दरवर्षी आळीपाळीने येतात. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येक सदस्याशी किमान एक सामना आणि चार वर्षांत प्रत्येकाशी स्वतःच्या व त्याच्या मैदानावर एकेक सामना होतो. आठ सामन्यांत परंपरा आणि फिरती भेट यांपैकी एकच गोष्ट पूर्णपणे साधता येत होती, तर नऊ सामन्यांत दोन्ही बऱ्याच अंशी साधतात. २०२६ मध्ये प्रवेश घेणारा विद्यार्थी चार वर्षांत पंधराही प्रतिस्पर्धी आपल्या विद्यापीठाच्या मैदानावर पाहू शकेल, ही बाब लहान नव्हे. अर्थात सर्वच लढती राखता आलेल्या नाहीत. अलाबामा विरुद्ध लुइझियाना स्टेट ही गाजलेली लढत कायम प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत नाही.

विजयांचे गणित

नवव्या सामन्याला अनेक वर्षे विरोध झाला, त्यामागे भावनेपेक्षा गणित अधिक होते. साखळी सामन्यात एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो. आठ सामन्यांच्या पद्धतीत सोळा संघ मिळून बाहेरच्या संघांशी ६४ सामने खेळत. नऊ सामन्यांत ही संख्या ४८ होते. जे सोळा सामने कमी झाले, ते दुबळ्या संघांविरुद्धचे होते असे मानल्यास कॉन्फरन्सला त्यांतून सोळा विजय मिळाले असते. आता त्यांच्या जागी आठ साखळी सामने येतात. त्यांतून आठ विजय आणि आठ पराभव निश्चितपणे निर्माण होतात. म्हणजे संपूर्ण कॉन्फरन्सच्या खात्यातून जास्तीत जास्त आठ विजय वजा होतात.

हे आठ विजय सर्वांच्या खात्यातून सारखे वजा होत नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. बलाढ्य संघ नववा सामनाही बहुधा जिंकतात. त्यामुळे पराभवाचा मोठा वाटा मधल्या व खालच्या स्थानावरील संघांना उचलावा लागतो. हंगामानंतर होणाऱ्या बाउल सामन्यांसाठी साधारणतः सहा विजय आवश्यक असतात. पूर्वी बाहेरचे चारही सामने जिंकणाऱ्या संघाला साखळीतील आठपैकी दोन विजय पुरत असत. आता बाहेरचे तिन्ही सामने जिंकूनही त्याला नऊपैकी तीन साखळी सामने जिंकावे लागतील. बाउल सामना म्हणजे खेळाडूंना आणखी काही आठवड्यांचा सराव, विद्यापीठाला प्रसिद्धी आणि प्रशिक्षकाला नोकरीची शाश्वती. सहाव्या विजयाला मुकणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षी त्या पदावर राहीलच, असे सांगता येत नाही.

जॉर्जिया, फ्लोरिडा, साउथ कॅरोलिना आणि केंटकी या चार विद्यापीठांची स्थिती अधिक अवघड आहे. त्यांच्या राज्यातच दुसऱ्या कॉन्फरन्सचा पारंपरिक प्रतिस्पर्धी आहे : अनुक्रमे जॉर्जिया टेक, फ्लोरिडा स्टेट, क्लेम्सन आणि लुइव्हिल. ही लढत राखल्यास बारापैकी दहा सामने प्रबळ कॉन्फरन्समधील संघांशीच होतात. शिवाय नऊ ही विषम संख्या असल्याने एका वर्षी पाच साखळी सामने स्वतःच्या मैदानावर व चार बाहेर, तर दुसऱ्या वर्षी याच्या उलट, असा असमतोलही येतो.

निवड समिती आणि कठीण वेळापत्रकाचे मोल

राष्ट्रीय विजेता ठरविणारी बाद फेरी २०१४ मध्ये चार संघांनिशी सुरू झाली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली. त्यांतील काही जागा कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव असून उरलेल्या जागा निवड समितीच्या क्रमवारीने भरल्या जातात. २०२४ मध्ये अलाबामाचा संघ नऊ विजय व तीन पराभवांसह बाद फेरीबाहेर राहिला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हरलेल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला अकरा विजय व दोन पराभव या कामगिरीवर प्रवेश मिळाला. पराभवांची संख्या मोजली जाते, पण प्रतिस्पर्ध्याचा दर्जा पुरेसा मोजला जात नाही, असा निष्कर्ष त्यातून अनेकांनी काढला. असे असेल तर स्वतःहून आणखी एक कठीण सामना ओढवून घेणे हे आत्मघातकी ठरते.

म्हणूनच निवड समितीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मोजमापात केलेला बदल महत्त्वाचा आहे. बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सामन्यांना अधिक वजन देण्याचे समितीने २० ऑगस्ट रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी साउथईस्टर्न कॉन्फरन्सने नऊ सामन्यांची घोषणा केली. या दोन घटनांतील संबंध सहज लक्षात येण्याजोगा आहे. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २०२५ मध्ये आठच साखळी सामने खेळूनही या कॉन्फरन्सचे पाच संघ बारांच्या बाद फेरीत पोहोचले. म्हणजे आठ सामन्यांनी तिचे नुकसान होत होते, असेही म्हणता येत नाही. निवड समितीने दिलेला शब्द नऊ सामन्यांच्या हंगामात कसा पाळला जातो, यावर या निर्णयाचे बरेचसे यश अवलंबून राहील.

आर्थिक बाजू आणि लहान महाविद्यालये

दोन नामांकित संघांतील साखळी सामना प्रक्षेपण वाहिनीला दुबळ्या पाहुण्याविरुद्धच्या एकतर्फी सामन्यापेक्षा अधिक मोलाचा असतो. तसेच जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंना थेट मोबदला म्हणून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची मुभा मिळाली. या वाढत्या खर्चाच्या पार्श्वभूमीवर उत्पन्नाचे गणित निर्णायक ठरणे स्वाभाविक होते.

या व्यवहारातील तिसरा पक्ष मात्र चर्चेत क्वचितच दिसतो. मोठे विद्यापीठ आपल्या मैदानावर लहान महाविद्यालयाच्या संघाला बोलावते व त्यासाठी ठरावीक हमी रक्कम देते. परतीचा सामना नसतो आणि पाहुण्याचा पराभव जवळजवळ गृहीत धरलेला असतो. ही रक्कम लहान महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाला मोठा आधार देते. कधीकधी गणित चुकते. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलॅचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर ३४-३२ असे हरविले. त्या सामन्यासाठी ॲपलॅचियन स्टेटला ४ लाख डॉलर मिळाले होते. याच महाविद्यालयाने २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमलाही १७-१४ असे पराभूत केले. त्या वेळी हमी रक्कम १५ लाख डॉलर होती.

अशा सामन्यांना पैशापलीकडचा अर्थही असू शकतो. लुइझियाना स्टेट आणि सदर्न ही दोन्ही विद्यापीठे बॅटन रूज या एकाच शहरात आहेत. सदर्न हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आहे. एकाच शहरात असूनही या दोघांचा पहिला फुटबॉल सामना १० सप्टेंबर २०२२ रोजी झाला. लुइझियाना स्टेटने तो ६५-१७ असा जिंकला. निकाल एकतर्फी होता, म्हणून तो सामना निरर्थक होता, असे कोणीही म्हणणार नाही. नऊ साखळी सामन्यांमुळे कॉन्फरन्सबाहेरच्या संघांसाठी उपलब्ध असलेल्या जागा दरवर्षी सोळाने घटतात. त्यातच प्रबळ कॉन्फरन्समधील किमान एका संघाशी अथवा नोत्र दाम विद्यापीठाशी खेळण्याची अटही कायम आहे. त्यामुळे प्रत्येक संघाकडे लहान महाविद्यालयांसाठी जास्तीत जास्त दोनच जागा उरतात.

२०२० चा अनुभव आणि इतर कॉन्फरन्स

अधिक साखळी सामन्यांचा एक प्रयोग परिस्थितीमुळे आधीच झालेला होता. २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे साउथईस्टर्न कॉन्फरन्सने बाहेरचे सर्व सामने रद्द करून प्रत्येक संघासाठी दहा साखळी सामने ठरविले. अलाबामाने दहाही सामने जिंकले, अंतिम सामना जिंकला आणि राष्ट्रीय विजेतेपदही मिळविले. उलट व्हँडरबिल्टचे नऊच सामने होऊ शकले आणि ते सर्व पराभवात संपले. मिसिसिपी स्टेटला दहापैकी तीनच विजय मिळाले. त्या वर्षी सहा विजयांची अट शिथिल केली होती, म्हणून त्या संघाला बाउल सामना खेळता आला. बलवानाला अधिक साखळी सामने जड जात नाहीत आणि दुर्बलासाठी नियमात जागा ठेवावी लागते, हे दोन्ही बोध या एकाच हंगामातून मिळतात.

इतर कॉन्फरन्सच्या अनुभवातूनही काही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पॅसिफिक-टेन कॉन्फरन्सने २००६ पासून आणि बिग ट्वेल्व्हने २०११ पासून नऊ साखळी सामने खेळविले. त्या वेळी दोन्हींत दहाच संघ असल्याने साखळी पूर्ण होत असे. परंतु पूर्ण साखळीही सर्वस्वी पुरेशी ठरली नाही. २०१४ मध्ये बेलर व टेक्सास ख्रिश्चन हे बिग ट्वेल्व्हचे संयुक्त विजेते ठरले. बेलरने टेक्सास ख्रिश्चनला ६१-५८ असे हरविलेले होते. तरीही चार संघांच्या पहिल्या बाद फेरीत दोहोंपैकी एकालाही स्थान मिळाले नाही. पुढे २०१७ पासून त्या कॉन्फरन्सने अंतिम सामना पुन्हा सुरू केला. बिग टेन कॉन्फरन्स २०१६ पासून नऊ सामने खेळते. २०२५ मध्ये तिच्या अठरा संघांपैकी इंडियाना व ओहायो स्टेट हे दोघेही नऊपैकी नऊ सामने जिंकून परस्परांशी न खेळताच अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे इंडियानाने १३-१० असा विजय मिळविला. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनेही २०२६ पासून नऊ सामन्यांकडे वळण्याचे ठरविले. परंतु तिच्यात सतरा संघ आहेत आणि सतरा गुणिले नऊ ही संख्या विषम असल्याने सर्वांना नऊ सामने देताच येत नाहीत. संक्रमणकाळ संपल्यावरही दरवर्षी एका संघाला आठ सामन्यांवर समाधान मानावे लागणार आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. सोळा संघांच्या कॉन्फरन्समध्ये नववा साखळी सामना समर्थनीय आहे. मात्र त्याने विजेता निर्विवादपणे ठरेल, ही अपेक्षा योग्य नाही. ४८ जोड्या तरीही न भेटता राहतात. जुन्या लढती राखूनही सर्व सदस्यांची नियमित भेट घडावी, हेच त्याचे खरे समर्थन होय.

२. या बदलाची किंमत समान वाटली जात नाही. ती मुख्यतः मधल्या व खालच्या स्थानांवरील संघांना आणि हमी रकमेवर अवलंबून असलेल्या लहान महाविद्यालयांना मोजावी लागते. निर्णय घेणाऱ्यांत मात्र या महाविद्यालयांना स्थान नसते.

३. सहा विजयांची अट सोप्या वेळापत्रकाच्या काळात रूढ झालेली आहे. दहा कठीण सामने खेळणाऱ्या संघाला आणि सहा कठीण सामने खेळणाऱ्या संघाला एकच माप लावणे न्याय्य ठरत नाही. २०२० प्रमाणे या अटीत लवचीकता आणण्याचा विचार व्हावयास हवा.

४. उरलेल्या तीन सामन्यांपैकी एक सामना आपल्याच राज्यातील वा परिसरातील लहान महाविद्यालयासाठी राखून ठेवल्यास सोळा जागा शिल्लक राहतील. बॅटन रूजमधील सामन्याने अशा भेटीचे मोल दाखवून दिले आहे.

५. नववा सामना बारा सामन्यांच्या मर्यादेतच बसविला गेला, ही समाधानाची बाब आहे. उत्पन्नासाठी तेरावा सामना वाढविण्याचा मोह पुढे झाल्यास त्याचा भार विद्यार्थी खेळाडूंच्या शरीरावर आणि अभ्यासाच्या वेळेवर पडेल.

कॉन्फरन्सने सदस्यसंख्या दहावरून सोळावर नेली ती प्रामुख्याने उत्पन्न व प्रतिष्ठा वाढविण्यासाठी. त्या विस्तारात सदस्यांमधील परस्परसंबंध पातळ झाले. नवव्या सामन्याने ते काही प्रमाणात पुन्हा दृढ होतील. परंतु एक सामना वाढविताना कोणाचा एक सामना गेला, याची नोंद ठेवणे हेही त्या संस्थेचे कर्तव्य आहे. वेळापत्रक हे वरवर तांत्रिक वाटणारे काम असले, तरी कोणाला कोणाशी खेळण्याची संधी मिळते, हे त्यातूनच ठरते.